मोळीचा हक्क

प्रामाणिक लाकूडतोड्याची गोष्ट आपणा सर्वांना पाठ आहे. मराठी घरांतली मुले ती ‘लाकूडतोड्या’ म्हणून ऐकतात, उर्दू शाळेतली मुले ‘लकडहारा’ म्हणून. कुऱ्हाड नदीत पडते, कुठे देवता तर कुठे परी पाण्यातून वर येते, सोन्याची, चांदीची आणि शेवटी लोखंडाची कुऱ्हाड दाखवते. गरिबाच्या इमानाला इनाम मिळते आणि धडा संपतो. वर्गात हा धडा शिकवताना माझ्या मनात दर वर्षी एक विचार येतो. या गोष्टीतल्या जंगलाला मालक नाही. तुझा परवाना कुठे आहे, ही फांदी राखीव जंगलातली की गावच्या रानातली, असे त्या गरिबाला कोणी विचारत नाही. गोष्टीतल्या देवतेला एवढेच हवे आहे की कुऱ्हाड कोणाची ते कळावे. इतिहासातल्या लाकूडतोड्यापुढे मात्र दुसराच प्रश्न उभा राहिला : जंगल कोणाचे?

या एका प्रश्नापायी गेल्या पावणेदोनशे वर्षांत आपल्या कोकणातल्या, जुन्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या हजारो कुटुंबांचे जगणे बदलले. काहींना दंड झाला, काही तुरुंगात गेले, काही गोळीला बळी पडले. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात या साऱ्याला एखादी ओळ मिळते, ‘जंगल सत्याग्रह’ एवढीच. त्या ओळीच्या मागे आणि पुढे काय आहे ते मांडण्याचा हा प्रयत्न आहे. आणि त्यात आपण, म्हणजे मराठी मुसलमान, कुठे होतो हेही विचारायचे आहे.

शेतीची कुऱ्हाड

शहरात वाढलेल्या वाचकाला लाकूडतोड म्हटले की आडवे पडलेले बुंधे दिसतात. गावची लाकूडतोड बहुधा बुंध्याला हात लावीत नसे. तिचा पहिला उपयोग चुलीला आणि दुसरा शेताला.

कोकणातली भातशेती ज्याने जवळून पाहिली आहे त्याला राब ठाऊक आहे. उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, शेतकरी रोपांसाठी जागा निवडतो. तिच्यावर शेण, पालापाचोळा, गवत आणि झाडांच्या कोवळ्या फांद्या यांचे थर घालतो, वर माती पसरतो आणि ते पेटवून देतो. जमीन भाजून निघते, तणाचे बी जळते, राख मिसळते. मृगाच्या पावसात तिथे भात पेरले की रोप जोमदार येते. मग लावणी. या राबासाठी ऐन, किंजळ अशा झाडांच्या डहाळ्या कोयत्याने छाटायच्या, म्हणजे कवळ तोडायचे. झाड उभेच राहते, पुढे त्याला नवी पालवी फुटते. भातखाचराच्या जोडीला शेतकऱ्याकडे डोंगरउताराची वरकस जमीन असायची ती यासाठीही. नाचणी-वरी तिथे पिकायची आणि राबाचे कवळही तिथूनच यायचे. म्हणजे कोकणात जंगल हे शेतीच्या बाहेरचे नव्हते. ते शेतीचेच एक अंग होते. ज्याचे कवळ बंद झाले त्याचे भात कमी झाले, इतका सरळ हिशोब होता.

दुसरा उपयोग अवजारांचा. नांगर, जू, गाडीचे आरे, घराचे वासे, कांडपाचे मुसळ, कुंपणाच्या काट्या. गावचा सुतार हा बलुतेदार. तो वर्षभर शेतकऱ्याचा नांगर नीट करून द्यायचा आणि खळ्यावर आपला वाटा घ्यायचा. पण लाकूड शेतकऱ्याने आणून द्यायचे. शेतकरी ते कोठून आणणार? जवळच्या रानातूनच. खैराचे मुसळ पिढ्यानपिढ्या टिकते हे जुन्या बायांना सांगावे लागत नसे.

तिसरा समाज असा की ज्याचे नावच लाकडावरून पडले. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या पाण्यात उकळून कात काढणारे ते कातकरी. पानात जो कात आपण खातो तो या लोकांच्या हातचा. खैर तोडायचा, ढलप्या काढायच्या, भट्टीवर मडकी चढवायची, रस आटवायचा. हा त्यांचा हुन्नर होता. मालकाची चाकरी त्यात नव्हती. पुढे जंगल राखीव झाले, खैरावर हात टाकणे हा अपराध ठरला आणि कात काढणारा समाज दुसऱ्यासाठी कोळसा पाडणारा मजूर झाला. आज महाराष्ट्रात ज्या तीन आदिम जमाती सरकारने विशेष दुर्बल म्हणून नोंदवल्या आहेत त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत. ज्याचा हुन्नर काढून घेतला तो दुर्बल झाला.

लाकूड तोडून विकणे हा हलका धंदा आहे असे आपल्याकडे कोणी समजत असेल तर त्याने सुनन अबू दाऊदमधील एक हदीस आठवावी. एक अन्सारी हजरत मुहंमद पैगंबर (स.) यांच्याकडे मागायला आला. घरात काय आहे असे विचारता एक जाडेभरडे कापड आणि एक वाडगा एवढेच निघाले. पैगंबरांनी त्या दोन वस्तू दोन दिरहमला विकल्या. एका दिरहमचे घरी अन्न नेऊन दे, दुसऱ्याची कुऱ्हाड आण, असे सांगितले. कुऱ्हाडीला दांडा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला आणि पंधरा दिवस लाकडे तोडून विक असे फर्मावले. तो माणूस परतला तेव्हा त्याच्याकडे दहा दिरहम होते. मागण्याच्या लाजेपेक्षा मोळी बरी, हा या प्रसंगाचा अर्थ. पण तो खरा ठरायला एक अट आहे. तोडण्यासारखे रान माणसाला खुले असले पाहिजे.

राज्याला लागणारे लाकूड

राज्यकर्त्यांची लाकडावर नजर असणे ही इंग्रजांनीच आणलेली गोष्ट नव्हे. किल्ला, पूल, गाडा, तोफेचा गाडा आणि गलबत, सगळ्याला लाकूड लागे. फरक होता तो रयतेचे काय समजायचे यात.

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने असलेल्या ‘आज्ञापत्रा’त (इ. स. १७१५ च्या सुमारास) आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचा विचार आहे. यातला मजकूर आज शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून फलकांवर लिहिला जातो. तो आज्ञापत्रातला आहे, पण शिवकाळातल्या धोरणाचाच तो वारसा आहे, यात शंका नाही. आशय असा की सागवान वगैरे लाकूड राज्यातल्या अरण्यातून हुकूम घेऊन तोडावे, कमी पडेल ते परमुलखातून खरेदी करावे. आंबा, फणस ही झाडेही आरमाराच्या कामाची, पण त्यांना हात लावू देऊ नये. कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. जुलूम करू नये.

आपल्या वाचकांना इथे पहिले खलीफा हजरत अबू बक्र (रजि.) यांनी फौजेला दिलेली ताकीद आठवल्याशिवाय राहणार नाही. शत्रूच्या मुलखात गेलात तरी फळझाडे तोडू नका, असे त्यांनी बजावले होते. दोन वेगळ्या काळांतली, वेगळ्या परंपरांतली माणसे एकाच ठिकाणी येतात, कारण फळझाड आणि कष्टकऱ्याचे पोट यांचा संबंध दोघांनाही ठाऊक होता.

कंपनी सरकारला हा संबंध परका होता. त्यांच्या डोळ्यांपुढे सागवान होते. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले आणि मुंबईच्या गोदीत पुढे दीडशे वर्षे सागवानी जहाजे बांधली गेली. त्यातले ‘ट्रिंकोमाली’ हे १८१७ साली मुंबईत पाण्यात सोडलेले लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत आहे. दोनशे वर्षे उलटून गेली तरी! एवढे टिकाऊ लाकूड. या गोदीला लागणाऱ्या सागवानासाठी १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन यांना मलबारात वनसंरक्षक नेमण्यात आले आणि सागवानावर कंपनीची मक्तेदारी लादली गेली. जमीनमालक आणि लाकडाचे व्यापारी यांनी इतकी ओरड केली की १८२० नंतरच्या दशकात गव्हर्नर टॉमस मन्रो यांना ती व्यवस्था बंद करावी लागली. पण वाट एकदा पडली होती. १८४७ मध्ये मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन वनसंरक्षक झाले.

मग आली रेल्वे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट खुला झाला. एक मैल रूळ टाकायला सतराशे-अठराशे स्लीपर लागतात, आणि लाकडी स्लीपर काही वर्षांनी कुजतो, तेव्हा पुन्हा तेवढेच. देशात अनेक ठिकाणी सुरुवातीला इंजिनेही लाकडावर चालली. शिवाय वाढती मुंबई. तिथल्या चुली, भटारखाने, हमामखाने, वीटभट्ट्या यांचे जळण ठाणे-कुलाब्याच्या डोंगरांतून येई. भिवंडी, कल्याण, पनवेल, वसई या खाड्यांतून पडाव आणि मचवे लाकूड, कोळसा आणि गवत घेऊन मुंबईला जात.

थोडक्यात, एकोणिसाव्या शतकात डोंगर उघडे पडले ते कवळाच्या कोयत्याने नव्हे. गोदी, रेल्वे आणि शहर या तीन मोठ्या भुकांनी ते उघडे केले. गावच्या तोडीने काहीच हानी झाली नाही असे मी म्हणणार नाही. एकच झाड दर वर्षी ओरबाडले तर ते खुरटते, हे डोळ्यांनी दिसते. पण खुरटलेले झाड आणि साफ झालेला डोंगर यांत अंतर आहे. कायद्याने मात्र पहिल्यालाच पकडले.

हक्काची सवलत कशी झाली

१८५५ मध्ये लॉर्ड डलहौसींनी वनांबद्दलचे धोरण जाहीर केले. १८६४ मध्ये डिट्रिख ब्रँडिस या जर्मन तज्ज्ञाच्या हाताखाली वनखाते उभे राहिले. १८६५ मध्ये पहिला वन कायदा झाला आणि तो अपुरा वाटल्याने १८७८ मध्ये दुसरा. या दुसऱ्या कायद्याने जंगलांचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे वर्ग केले. कागदावर तीन वर्ग, प्रत्यक्षात ग्रामवनाच्या नशिबी फारसे काही आले नाही. राखीव जंगलात मुभा नसलेली प्रत्येक गोष्ट गुन्हा. गुरे चारणे, फांदी तोडणे, पाला गोळा करणे, मध काढणे. जे गाव पिढ्यानपिढ्या करीत आले होते ते यापुढे सरकारच्या मर्जीने मिळणारी सवलत झाले. हक्क आणि सवलत यांतला फरक ज्याला समजला त्याला वनांचा सगळा इतिहास समजला. हक्क मागून मिळत नसतो, तो असतो. सवलत कोणी तरी देतो, म्हणून ती काढूनही घेता येते.

भाषेचा शिक्षक म्हणून मला यात एक गंमत दिसते. मोळी, फाटी, सरपण, कवळ, कोयता, कुऱ्हाड हे शब्द श्रमाचे, ते गावच्या बोलीतले. परवाना, जप्ती, मक्ता, इजारा, मालकी, गुन्हा हे शब्द कचेरीचे, ते फारसी-अरबीतून दरबारामार्फत मराठीत आले. सागवानाला आपण ‘इमारती’ लाकूड म्हणतो त्यातली ‘इमारत’ही अरबी. राज्ये बदलली, कचेरीची भाषा तीच राहिली. पण त्याच वाटेने आणखी एक शब्द आला, ‘हक्क’. तो मात्र कचेरीत राहिला नाही. तो गावाने उचलला, आणि आज निरक्षर म्हातारीही तो ठासून उच्चारते.

हा अन्याय लिहून ठेवणारे पहिल्या काही माणसांत महात्मा जोतीराव फुले आहेत. ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये त्यांनी सांगितले की थोडी जमीन असलेला शेतकरी पूर्वी रानातली फळे, फुले, पाला, लाकूडफाटा यांच्या आधाराने निभावून नेत असे, गावच्या गायरानात चार गुरे पाळीत असे. वनखात्याने ती सोय हिरावून घेतली. दुष्काळात कर्ज का वाढते याचे एक कारण त्यांनी असे सावकाराच्या दारापासून दूर, डोंगरावर शोधले. ठाणे आणि कुलाबा भागातून तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. राबाचा प्रश्न त्यात होताच. थोड्या सवलती मिळाल्या. हक्क मिळाला नाही.

१९२७ चा भारतीय वन कायदा आला तो १८७८ च्याच सांगाड्यावर. म्हणून १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाल्यावर समुद्रापासून दूर असलेल्या गावांनी आपले मीठ जंगलात शोधले. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी यवतमाळ जिल्ह्यात पुसदजवळ राखीव जंगलातले गवत कापले आणि अटक करून घेतली. पुढे बागलाण, संगमनेर, बिळाशी अशा अनेक ठिकाणी लोक कोयते घेऊन निघाले.

कोकणात या लढ्याचे नाव चिरनेर. उरण तालुक्यातले हे गाव. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेर आणि आजूबाजूच्या गावांचे लोक अक्कादेवीच्या रानाकडे लाकूड तोडायला जमले. पोलिसांनी गोळीबार केला. आठ गावकरी हुतात्मा झाले. त्या गोंधळात मामलेदारही ठार झाला. नंतर धरपकड, खटले आणि शिक्षा झाल्या. हुतात्म्यांच्या यादीतली आडनावे मला महत्त्वाची वाटतात. त्यांत पाटील आहेत, म्हात्रे आहेत, कोळी आहे, न्हावी आहे आणि कातकरीही आहे. शेतकरी, बलुतेदार आणि आदिवासी एकाच दिवशी एकाच रानात पडले, कारण तिघांचेही जगणे त्या रानाला बांधलेले होते. मोठमोठ्या भाषणांतून जी एकजूट होत नाही ती सरपणाने केली.

तोडायला मनाई एका बाजूला आणि तोडायची सक्ती दुसऱ्या बाजूला, असा प्रकार उत्तर ठाण्यात होता. जंगलाचे कूप ठेकेदार लिलावात घेत. तोडणारे हात वारल्यांचे. मजुरी नाममात्र, कित्येकांवर लग्नाच्या कर्जापोटी पिढीजात वेठ. १९४५ पासून शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी किसान सभेमार्फत वारल्यांना संघटित केले. त्या वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड हा तिथला हुतात्मा. पुढल्या वर्षी जंगलकामाला दिवसाला किमान सव्वा रुपया मिळावा यासाठी संप झाला. गोदूताईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. त्यातली कुऱ्हाड जंगल मोडणारी नाही. ती भाड्याने घेतलेली, उपाशी माणसाच्या हातची आहे. १९४७ पासून बाळासाहेब खेरांच्या सरकारने जंगल कामगारांच्या सहकारी संस्था काढल्या, कूप ठेकेदाराऐवजी त्यांना देण्यास सुरुवात केली, ती या धगीतूनच.

आपण कुठे होतो?

आता तो प्रश्न, जो आपल्या संमेलनांत आणि अंकांत क्वचितच निघतो. आपण मराठी मुसलमान इतिहास लिहायला बसलो की बहमनी, आदिलशाही, सूफी संत, नाही तर फाळणी आणि दंगल. गावची शेती, बाजार, खाडी आणि रान यांतला मुसलमान आपल्याच लिखाणात दिसत नाही. मग दुसऱ्यांनी तो विसरला तर तक्रार कशी करावी?

या लाकडाच्या इतिहासात आपण एका जागी नव्हतो. चार जागी होतो.

पहिली जागा शेतकऱ्याची. कोकणी मुसलमान शेतकऱ्यानेही राब भाजला, कवळ तोडले आणि दंड भरला. भाताच्या रोपाला धर्म नसतो, आणि वन कायद्यालाही तो नव्हता.

दुसरी जागा खाडीवरची. नाखवा, तांडेल आणि खलाशी म्हणून कोकणी मुसलमान आणि दालदी पिढ्यानपिढ्या समुद्रावर होते. डोंगरातले लाकूड मुंबईच्या बंदराला लावणाऱ्या हातांत त्यांचेही हात होते. हा श्रमाचा धंदा होता, पण तो त्याच व्यापाराचा एक दुवा होता.

तिसरी जागा वखारीची आणि ठेक्याची. ती सांगताना थोडे अवघडल्यासारखे होते, तरी सांगायला हवे. लाकूड-कोळशाच्या व्यापारात पारशी, गुजराती, मारवाडी होते, तसे मेमन, बोहरा आणि इतर मुसलमान व्यापारीही होते. कातकऱ्याला पावसाळ्यात उचल द्यायची आणि दिवाळीनंतर त्याला बायकामुलांसकट भट्टीवर न्यायचे, हिशोबात त्याला वर्षानुवर्षे बाकीदार ठेवायचे, ही रीत कोणत्या एका जातीची किंवा धर्माची नव्हती, ती पैशाची होती. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली. तरी त्यानंतरही कोळसा आणि वीटभट्टीवरच्या कातकऱ्यांना सोडवायला कार्यकर्त्यांना लढावे लागले. कर्जदाराला सवड देण्याची ताकीद असलेल्या दीनचे आपण अनुयायी. तेव्हा भट्टीवाल्याचे नाव आपल्यातले असो की दुसऱ्यातले, तराजू एकच हवा.

आणि राजा आपला असला म्हणजे रान रयतेचे होते असेही नाही. मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबांनी फणसाडचे रान शिकारीसाठी राखले होते. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले, सुमारे सत्तर चौरस किलोमीटरचे. तिथे आज बिबट्या आणि शेकरू राहतात हा आपल्या सगळ्यांच्या आनंदाचा विषय आहे. पण शिकारीसाठी राखलेले रान असो की सरकारने राखलेले, कडेच्या वाडीतल्या बाईला दोन्हींत वाट सारखीच बंद असते.

चौथी जागा गिऱ्हाइकाची, आणि तीत आपण जवळजवळ सगळेच होतो. खाडीकाठच्या आमच्या गावात माझी नानी दारावर आलेल्या कातकरणीकडून मोळी घ्यायची. मोळी उतरवली की नानी आधी एक फाटा उचलून वजन बघायची, मग नखाने साल उचकटायची. ओले निघाले तर भाव निम्मा. सावरीची फाटी असली तर घ्यायचीच नाही, कारण ती भसकन जळून जाते आणि भाकरी कच्ची राहते. ऐनाची असली तर वर मूठभर तांदूळ. डोंगरावरून आठ-दहा मैल ते ओझे डोक्यावर आणणाऱ्या बाईने वाटेत कोणाला काय देऊन सुटका करून घेतली, ही चौकशी त्या व्यवहारात नव्हती. आज गावात गॅस आला आहे आणि मोळी दुर्मिळ झाली आहे. पण आपल्या दोन-तीन पिढ्या त्या मोळीवर शिजलेले खाऊन वाढल्या. इतिहास लिहिताना हे ऋण नोंदले पाहिजे.

म्हाताऱ्यांची जबानी

हे सगळे जुने झाले असे कोणाला वाटेल. ते जुने झालेले नाही. १९६४ च्या कायद्यानुसार महाराष्ट्रात स्वतःच्या शेतातले सागवान, खैर किंवा आंब्याचे झाड तोडायलाही परवानगी लागते. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने ठाणे-कुलाब्यातल्या पुष्कळशा वरकस जमिनींच्या उताऱ्यावर वनाची नोंद आली आणि त्यातल्या काहींचे वाद अजून मिटलेले नाहीत. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने देशभरच्या बेबंद तोडीला लगाम घातला, ते आवश्यकही होते. पण जंगल वाचवणे आणि जंगलात राहणाऱ्याला वाचवणे ही दोन कामे एकमेकांविरुद्ध आहेत ही समजूत त्यामुळे दूर झाली नाही.

ती दूर करण्याचा प्रयत्न २००६ च्या कायद्याने केला. त्याच्या नावातच ‘वनहक्कांची मान्यता’ हे शब्द आहेत. हक्क ‘देणे’ नव्हे, ‘मान्य करणे’. म्हणजे तो आधीपासून होता हे संसदेने कबूल केले. १८७८ ला जो हक्क सवलत झाला होता तो सव्वाशे वर्षांनी पुन्हा हक्क झाला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू तोडून विकता येईना, कारण वन कायद्याच्या लेखी बांबू हे झाड होते आणि वाहतुकीचा परवाना वनखात्याकडे होता. शाळेत आम्ही मुलांना शिकवतो की बांबू ही गवताची जात आहे. कायद्याला ते कळायला २०१७ साल उजाडावे लागले. मधल्या काळात, २०११ मध्ये, केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते परवान्याची पुस्तके ग्रामसभेच्या हाती आली. आपला बांबू किती तोडायचा आणि किती राखायचा हे गाव स्वतः ठरवू लागले. ज्याला उद्याही तोडायचे आहे तो आज मुळासकट तोडत नाही, हे साधे व्यवहारज्ञान शंभर वर्षे कचेरीत कोणी मानले नव्हते.

या कायद्यातली एक तरतूद आपल्या दृष्टीने फार मोलाची आहे. आदिवासी नसलेल्या, पण रानावर जगत आलेल्या लोकांनाही तो हक्क सांगता येतो. मात्र १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, तिथले रहिवासी आणि रानावर अवलंबून असल्याचे दाखवावे लागते. कोकणातला कुणबी, धनगर, मुसलमान शेतकरी या सगळ्यांना ही अट लागू. पंचाहत्तर वर्षांचा कागद गरिबाकडे कोठून असणार? कागद हा शब्द ऐकला की आपल्या वस्त्यांत आज छातीत धस्स होते, हे मी वेगळे सांगायला नको. पण या कायद्याचे नियम सांगतात की गावातल्या वडीलधाऱ्या माणसांची लेखी नोंदवलेली जबानी हाही पुरावा आहे. अट एवढीच की सांगणारा स्वतः दावेदार नसावा.

म्हणजे आपली आठवण हा नुसता गप्पांचा विषय राहिलेला नाही. कवळ कुठल्या माळावरून आणायचे, कोणत्या पाणवठ्याला गुरे जायची, कूप कोणी घेतला होता, भट्टी कुठे लागायची, मचवा कुठल्या धक्क्याला भरायचा, रानाच्या कोणत्या वाटेला काय नाव होते, हे सांगणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्यात कातकरी आहेत, आगरी आहेत, कुणबी आहेत आणि आपले नाखवा-तांडेलही आहेत. एकाच्या आठवणीने दुसऱ्याचा दावा टिकू शकतो. चिरनेरला जे एका दिवशी रानात घडले ते आता वहीत घडवता येईल.

माझ्या व्यवसायबंधूंना, उर्दू आणि मराठी दोन्ही माध्यमांच्या शिक्षकांना, म्हणूनच एक सुचवावेसे वाटते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना शुद्धलेखनाच्या वीस पानांऐवजी एक काम द्यावे. घरातल्या किंवा शेजारच्या वाडीतल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसायचे आणि रानाबद्दल विचारून, त्याच्याच शब्दांत, लिहून घ्यायचे. तारीख, गाव, सांगणाऱ्याचे नाव आणि अंगठा किंवा सही. मग ती वही कपाटात न ठेवता ग्रामसभेच्या वनहक्क समितीला तिची एक प्रत द्यायची.